बी जगलं का?

मूल शहराजवळच्या आमच्या गावात तलावाच्या पाळीवरून बाबा खाली दगडांवर पडले, मणका मोडला आणि कमरेखालचं सगळं बंद पडलं. तोंड मात्र शाबूत राहिलं. पायांच्या वाटणीचं कामही मग तेच करू लागलं.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे छापलेलं सगळं मला खरं वाटतं. अस्थिमज्जेतल्या पेशी काढून पाठीच्या कण्यात सोडल्या की तुटलेल्या नसा जुळतात, असं मी एका जाहिरातीत वाचलं. आठ दिवस घरात दुसरा विषय नाही.

"म्हनजे हाडाच्या नळीतलं?" बाबा म्हणाले. "नळ्या त जन्मभर चोखल्या मी. त्या हिशोबानं मले आतापावेतो उडता याले पायजे."

तरी मी त्यांना नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलंच. प्रश्नांची वही मी काढली, बोलले बाबा. तलावात मासोळीचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, सोडण्यात त्यांची हयात गेलेली. जगातलं सगळं ते त्याच मापानं मोजतात.

"डॉक्टरसायेब, सोडनं सोपं असते. आमी दरवर्सी बोटाएवढी बोटुकली सोडतो. सोडली म्हनजे जगली, असं नाई. तुमच्या पेशी जगतेत किती? आन जगून तिथं करतेत काय?"

डॉक्टर हसले नाहीत. "उंदरांमध्ये थोडी आशा दिसली आहे," ते म्हणाले. "माणसात त्या किती टिकतात, नसा खरंच जुळतात का, हे अजून ठरलेलं नाही. अपायही होऊ शकतो. आज मी हे तुम्हाला देणार नाही. व्यायाम मात्र सोडू नका."

मला रडू आलं. डॉक्टरांचा राग आला आणि त्याहून जास्त बाबांचा, कारण ते खुशाल मान डोलावत होते.

"पोरी, रडून काऊन राह्यली? खरं बोलनारा मानूस भेटला ना!"

परतताना गाडीत माझ्या वहीतली ती जाहिरात मोठ्यानं वाचून त्यांनी ड्रायव्हरला गावापर्यंत हसवलं.

याला आता तीन वर्षं झाली. बाबा दारात खुर्चीवर बसून जाळी विणतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खोड्या काढतात. औषधं विचारायला मी अधूनमधून डॉक्टरांना फोन लावते. त्याआधी बाबा मला जवळ बोलावतात, आसपास कोणी ऐकत नाही ना ते बघतात आणि हळूच म्हणतात, "इचारजो वं, बी जगलं का?"

तेव्हा मला त्यांची चेष्टा करवत नाही. मी दरवेळी विचारते.