मार्जिनकाकांचा माझ्याविरुद्धचा अर्ज

मार्जिनकाका पंगतीला बसले की आपल्या आणि शेजाऱ्याच्या ताटांच्या मध्ये आधी वीत ठेवून बघायचे. अंतर कमी भरलं तर शेजाऱ्याला म्हणायचे, "सरका थोडं. आज कोपर लागंल, उद्या भांडण." दुसरी पुरणपोळी घेऊन कोणी आलं की ताटावर आडवा हात. "नको. एफएसआय संपला. आता वर मजला चढवायचा तर पाया तपासावा लागंल."

ते बांधकाम खात्यातून ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारे, म्हणून निवृत्त झालेले. मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या डोंगरातले. आमचं तालुक्याचं गाव श्रीरामपूरहून एसटीने तासाभरावर; तिथल्या आमच्या कॉलनीत कोणाला खोली वाढवायची असली की नकाशा काकाच काढून देत. फुकट, चहा मात्र दोनदा. त्या नकाशात घर आणि कंपाउंड यांच्यामध्ये दीड मीटरची मोकळी पट्टी असायची म्हणजे असायचीच. तीच साइड मार्जिन. ती खाऊन खोली ऐसपैस करावी असं प्रत्येकाच्या मनात असे, आणि प्रत्येकजण ते काकांपुढे निराळ्या नावाने मांडे: मोटारसायकलीला पडवी, तुळशीला ओटा, देवाला कोपरा.

"देवाला दीड मीटर सोडून राहायला काय हरकत हाय?" काका विचारत. "आमच्याकडं दोन घरांमधून म्हैस गेली न्हाई तर पावसाचं पानी बी जात न्हाई. म्हशीपुरती जागा सोडा, मग हवा ती खोली बांधा." कॉलनीत म्हैस एकाकडेही नव्हती. तरी सगळे सोडत.

माझ्या मेहुण्यासाठी मुलगी बघायला त्यांना बरोबर नेलं होतं. मुलीला त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. तिच्या वडिलांना विचारलं, "जिन्याला कठडा का न्हाई?" लग्न जमलं. लग्नाआधी कठडाही झाला.

अंदाज या शब्दाची त्यांना चीड होती. काकूंनी "अंदाजे सहा पोळ्या करू का?" म्हटलं तर उत्तर यायचं, "साडेपाच लागतात. सहावीतली अर्धी कुत्र्याला जाते."

आता माझं सांगतो. मी जिल्ह्याच्या ठिकाणाजवळ नागापूरला एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक सज्जन समजतात, या गोष्टीचा मी आयुष्यभर फायदा घेतला.

काकांनी माझ्या नव्या खोलीचा नकाशा काढला आणि नगरपालिकेत स्वतः खेटे घालून मंजूर करून आणला. खोली आठ फूट रुंद. माझ्या साडूची खोली दहा फूट होती. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर मी ते आनंदाने लिहिलं असतं.

आखणीच्या दिवशी काकांनी दोरी ताणून फक्कीची पांढरी रेघ मारली, नारळ फोडला आणि चहाला घरी गेले. गवंडी अजून यायचा होता. मी पायाने रेघ पुसली आणि दोन फूट कंपाउंडकडे सरकवून नवी मारली. रेघ चांगली सरळ आली.

भिंत कमरेएवढी झाल्यावर काका टेप घेऊन आले. मोजलं. परत मोजलं. मग टेपचं दुसरं टोक धरून मोजलं.

"मार्जिन दोन फूट कमी," ते गवंड्याला म्हणाले.

"काका, तुमच्याच फक्कीवर पाया धरलाय. एक सूत बी हाललो न्हाई." बिचारा त्याच्या परीने खरंच बोलत होता.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती कशासाठी हलवली ते मलाही सांगता येणार नाही, पण काकांनी ती गवंड्याच्या बाजूने धरली.

"म्हंजे माझंच चुकलं," ते हळूच म्हणाले. "डॉक्टरनं मोतीबिंदूबरोबर नजर बी काढून टाकली वाटतं." टेप गुंडाळून ते घरी गेले.

त्यानंतर त्यांनी कोणाचा नकाशा काढला नाही. कुठे आखणी चालू असली तर पलीकडच्या गल्लीने जात. दोघातिघांनी निवांत मार्जिन खाल्ली. पंगतीत शेजारी अंगावर रेलला तरी काका बोलत नसत. मी ऐसपैस खोलीत बसून हे सगळं बघत होतो.

सहा महिन्यांनी काकू आमच्याकडे आल्या. "पोळ्या किती करू विचारलं तर म्हणतात, अंदाजानं कर," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. "तीस वर्षांत असं बोलले न्हाईत रे. मला भीती वाटते."

मी तसाच उठून गेलो. काका पेपर धरून बसले होते, वाचत नव्हते.

"काका, ती रेघ मी सरकवली होती."

"किती?"

"दोन फूट."

"अंदाजानं?"

"मोजून. तुमच्याच टेपने. चहाला जाताना तुम्ही तो तिथंच ठेवला होता."

काका एवढ्या झटक्यात उठले की खुर्ची मागे पडली. "ऐकलंस का गं?" ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. "मी बरोबर हुतो. हा चोर हाय."

इतका आनंदी माणूस मी लग्नघरातही पाहिलेला नाही. त्यांनी मला दंडाला धरून कॉलनीतल्या नऊ घरी नेलं. प्रत्येक फाटकाशी "सांग" म्हणायचे आणि मी सांगायचो. चौथ्या घरी आम्हाला चहा मिळाला. नवव्या घरापर्यंत मी न अडखळता सांगू लागलो होतो.

परतताना मी म्हणालो, "उद्याच भिंत पाडतो."

काका थांबले. "परवानगीशिवाय वाढवलीस, आता परवानगीशिवाय पाडणार? रीतसर तक्रार जाईल, नोटीस येईल, मग पाड." त्यांनी रात्री जेवणही न करता, ट्रेसरच्या सुबक अक्षरात माझ्याविरुद्ध अर्ज लिहिला. सोबत नकाशा, आणि मी खाल्लेले दोन फूट लाल रंगात. मग कागद माझ्यापुढे सरकवला. "इथं साक्षीदार म्हणून सही कर." मी केली.

नोटीस आली नाही, भिंत तशीच उभी आहे. काका मागच्या वर्षी गेले. आदल्या दिवशीपर्यंत ते कोणाच्या तरी जिन्याच्या पायऱ्यांवरून वाद घालत होते. मला त्यांनी माफ केलं का, हे मी विचारलं नाही, आणि अर्जातही तसा मुद्दा नव्हता.

हल्ली महिन्यातून एकदा मी त्या नोटिशीची चौकशी करायला नगरपालिकेत जातो. खिडकीतल्या कारकुनाने पहिल्या खेपेला विचारलं, "तक्रारदार कोण?"

"वारले."

"मग तुमी कोण?"

"ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, तो."

त्याने चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. "अवो, मग गप बसा की घरी. फाईल आपोआप मरंल."

"एकदा सहा महिने गप बसून बघितलं," मी म्हणालो. "जमत नाही." आणि समोरच्या बाकावर जाऊन बसलो.