लाल गोलातल्या काकू

“टीव्हीत दाखवलं ना बाप्पा!” असं म्हणून काकू हातातला रिमोट समोरच्याच्या छातीवर रोखायच्या. पुढे बोलायची सोयच नाही. एक बटण दाबतील न् आपलाच आवाज बंद होईल, अशी भीती वाटायची.

महागावात आमची न् त्यांची भिंत एकच. इकडे मी शिलाई मशीनवर, तिकडे त्यांचा टीव्ही सकाळपासून बोंबलतोय. मालिका नाही, कीर्तन नाही, नुसत्या बातम्या. डोकं उठायचं माझं.

एकदा टीव्हीने जिल्ह्यात मुसळधार पाऊस सांगितला. बाहेर रणरणतं ऊन. काकूंनी गच्चीवरच्या ओल्या शेवया घरात नेल्या, मलाही न्यायला लावल्या.

“काकू, ऊन पाहा ना जरा!”

“ऊन काय वं, घडीभराचं. टीव्हीवाले कायले खोटं बोलतीन?”

शेवयांना बुरशी आली. पाऊस काही आला नाही.

त्यांची धाकटी बहीण बोरी अरबला. गावात पूर शिरल्याचं टीव्हीवर पाहून काकूंनी तिला फोन लावला. ती म्हणे, मी अंगणात मूग निवडून राह्यली, पाणी कुठंच नाही. काकू भडकल्या. “त्यायचा माणूस कंबरभर पाण्यात उभा राहून सांगून राह्यला, अन् तू म्हणते कोरडं हाये? घरात बसून तुले काय समजते?” बिचारी बहीण खात्री करायला गच्चीवर चढली. तो माणूस गावाबाहेरच्या नाल्यात उतरला होता, हे मागाहून कळलं. काकूंना सांगून पाहिलं. ऐकतील तर शपथ.

त्यातही त्यांची खरी श्रद्धा लाल गोलावर. तुम्हीही पाहिला असेल. चित्रात कशाभोवती तरी लाल गोल फिरतो, ढँण ढँण वाजतं, न् तेच चित्र पुन्हा पुन्हा येतं. गोल फिरला की काकूंचा विषय संपला.

अन् एका दिवाळीच्या तोंडावर तो गोल आमच्या दूधवाल्याच्या कॅनभोवती फिरला.

बातमी कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या विषारी दुधाची होती. पण चित्र आमच्या दूधवाल्याचं. मागे रस्त्यातल्या खड्ड्यांच्या बातमीसाठी त्याची मोटरसायकल टिपली होती, तेच इथे चिकटवलेलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतलं एकही दार त्याच्यासाठी उघडलं नाही. आमच्या घरातल्यांनीही पिशवीचं दूध आणलं. भरलेले कॅन घेऊन तो तांड्यावर परत जायचा न् दूध म्हशींपुढेच ओतायचा, म्हणे.

पलीकडच्या टीव्हीचा आवाज त्या दिवसांत पहिल्यांदा बारीक झाला. मग एका सकाळी काकूंनी त्याला हाक मारली.

“खरं सांग. काय टाकते दुधात?”

“याडी, काहीच नाही.” तो काकूंना त्याच्या बोलीत आईच म्हणायचा. “पाणी बी नाही.”

“पाणी टाकते तू, ते मले माईत हाये. जहर टाकते का, ते विचारून राह्यली.”

तो रडायलाच लागला. “असंच राह्यलं तं म्हशी विका लागतीन, याडी.”

काकूंनी ठरवलं, टीव्हीत बिघडलं ते टीव्हीतच निस्तरायचं. त्या टीव्हीसाठी तालुक्याच्या बातम्या टिपणाऱ्या माईकवाल्या पोराला बोलावलं. ठेवणीतलं लुगडं नेसल्या. कॅमेऱ्यासमोर पेलाभर दूध घटाघटा प्यायल्या न् ठासून बोलल्या, “इतकी वर्सं हेच दूध पिऊन राह्यली. पोरं याच्यावरच वाढवली. हा माणूस खरा हाये.”

संध्याकाळी सगळी गल्ली त्यांच्या घरात. दूधवाला दारातच उभा, बस म्हटलं तरी बसेना. ढँण ढँण वाजलं. काकू दिसल्या. पेला ओठाला लागला, न् पेल्याभोवती लाल गोल! तोच घोट पुन्हा पुन्हा, सावकाश. खाली पट्टी: ‘विषारी दूध बिनधास्त पिताना महिला’. बोललेला एक शब्द नाही. लगेच जाहिरात.

कोणीतरी फिदकन हसलं. दूधवाला म्हणाला, “जातो, याडी.”

काकू टीव्हीकडे पाहत राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, “मी तं बोलली होती ना वं?”

“बोलल्या होत्या काकू. मी तिथंच होती.”

“मंग ते कुठं गेलं?”

एवढ्या खमक्या बाईला स्वतःच्याच बोलण्याला साक्षीदार लागावा!

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पाहते तर काय, दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागे काकू! दोन्हीकडे कॅन, मधे त्या, डोक्यावर पदर घट्ट. दारोदार थांबून हाका मारत होत्या. “पाह्यलं ना काल मले टीव्हीत? पेली ना जहर? मंग पाह्य डोये उघडून, जिती हाये का मेली!”

“पण काकू, टीव्हीत तर...” दारातली एखादी म्हणायची.

“टीव्ही त्यायचा, पोट माह्यं!” असं म्हणून त्याच घरच्या दुधाच्या गंजातून एक घोट प्यायच्या न् ते पातेलं बाईच्या हातात द्यायच्या. कोणाची टाप होती नको म्हणायची? लोकांनी आधी काकूंच्या धाकानं दूध घेतलं, मग सवयीनं. म्हशी तांड्यावरच राहिल्या.

आता एक बातमी मी आज पहिल्यांदाच देते. गावभर घोट घोट कच्चं दूध पिऊन दुपारी काकूंचं पोट असं काही बिघडलं की विचारू नका. संध्याकाळपर्यंत संडासाच्या वाऱ्या. मी ओवा न् साखरपाणी घेऊन दाराशी. आतून दम, “कोणाले सांगशीन तं पाह्य! त्याच्या म्हशी जातीन.” दुसऱ्या सकाळी पांढऱ्याफटक चेहऱ्यानं पुन्हा मोटरसायकलवर. आठवडाभर गेल्या. रोज प्यायल्या.

यंदा काकू गेल्या. तेरवीच्या सकाळी दूधवाला स्वयंपाकाचं दूध घेऊन आला न् पैशाचं नावच काढू देईना. मला राहवलं नाही. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

“एवढं बिघडलं होतं?” तो म्हणाला. “अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा पेली?”

“पुन्हा पेल्या.”

त्याला हसू आवरेना. पोट धरून हसला, कॅनला टेकून खाली बसला. “याडी वं, याडी,” म्हणत हसत राहिला, न् कधी रडायला लागला ते त्याला कळलं नाही.