खालून हवा येते

लॅपटॉप कंपनीचा होता. म्हणजे तो माझ्याकडे होता, पण माझा नव्हता. त्यात साधा फॉन्ट टाकायचा तरी पुण्याला विनंती पाठवावी लागे. पेन ड्राइव्ह चालत नसे. पोटाखालच्या एका स्क्रूवर कंपनीचं सील होतं, ते फाटलं तर लेखी खुलासा द्यायचा. असला मानपानाचा जावई मी कोल्हापुरात आमच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर सांभाळत होते, आणि तो ऐन कामात बंद पडत होता.

बंद पडायचा म्हणजे काही सूचना नाही, तक्रार नाही. पंखा मोठ्यानं घरघरायचा आणि एकाएकी स्क्रीन काळी व्हायची. थोड्या वेळानं चालू केला की जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालायचा.

मी पंपाच्या भागांची ड्रॉइंग करते. ते भाग शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ओतले जातात. ओतण्याआधी ऑनलाइन बैठकीत सगळ्यांसमोर ड्रॉइंग फिरवून दाखवावं लागतं, आणि लॅपटॉप नेमका तिथंच मान टाकायचा. दोन बैठका अशा वाया गेल्यावर पुण्याहून साहेबांचा फोन आला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. अगदी गोड आवाजात म्हणाले, घरून जमत नसेल तर ऑफिसात तुमची जागा आहेच. गुरुवारची बैठक नीट झाली तर ठीक, नाहीतर पुण्याला या.

पुण्याला जाणं म्हणजे आईला एकटं टाकणं. आदल्या वर्षी ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून काठी टेकत चालते. तिला पुण्याला नेऊनही पाहिलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटात ती दिवसभर दाराकडं बघत बसायची आणि जेवण कमी कमी करत गेली. आम्ही जैन. कोल्हापुरात मंदिर दोन गल्ल्या सोडून आहे, तिथं ती रोज दर्शनाला जाते, चार बायकांशी बोलून येते. शेवटी तिला घेऊन मी परत आले आणि घरून काम करायची परवानगी मिळवली. ती परवानगी आता या यंत्राच्या मर्जीवर होती.

पुण्याच्या आयटीवाल्याचा रोज फोन यायचा. तो तिकडून माझ्या स्क्रीनचा ताबा घ्यायचा. माझा बाण आपोआप इकडून तिकडं पळायचा आणि मी हात मांडीवर ठेवून बघत बसायची. त्यानं अपडेट टाकले, काढले, सुरक्षेचं सॉफ्टवेअर नव्यानं बसवलं. लॅपटॉपमधल्या नोंदी एवढंच सांगायच्या की वीज अचानक गेली. फार गरम होतो का, त्यानं विचारलं. होतो, मी म्हटलं, पण स्टँडवर ठेवलाय, खालून हवा येते. हे मी इतक्या ठामपणे सांगितलं की त्यानं तो विषय सोडून दिला.

मग लॅपटॉप घेऊन एकदा पुण्याला बोलावलं. तिथं तो दिवसभर एकदाही बंद पडला नाही. मला तो उचलून आपटावासा वाटला. आयटीनं 'दोष आढळला नाही' असं लिहिलं आणि त्या क्षणापासून दोष आमच्या घराचा, नाहीतर माझा ठरला. निघताना आयटीवाला हळूच म्हणाला, काही लोक बैठक टाळायला मुद्दाम बंद करतात, तुमच्याबद्दल नाही म्हणत मी. तो माझ्याबद्दलच म्हणत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडायची सोय नव्हती.

कोल्हापुरात येऊन वायरमनला बोलावलं. त्यानं घरातलं अर्थिंग तपासलं, प्लग बदलला आणि लायटीचा दोष न्हाय, यंत्रच खुळं हाय, असं सांगून चहा पिऊन गेला. राजारामपुरीतला दुरुस्तीवाला तर स्क्रूड्रायव्हर घेऊन तयारच होता. मी सील दाखवलं तसा तो मागं सरला. घरी आल्यावर लॅपटॉप पुन्हा बंद पडला. रात्री झोप येईना. आईला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

गुरुवारी बैठकीच्या तासभर आधी आयटीवाल्यानं फोनवर राहून शेवटची चाचणी घेतली. सगळ्यात जड ड्रॉइंग उघडायला लावलं. पंख्यानं सूर धरला. आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून, तो म्हणाला, जरा उचलून ऐका. मी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, आणि त्याच्याबरोबर स्टँडचं पांढरं कापडही वर आलं. त्याच्या पोटाला घट्ट चिकटलं होतं. मी ते ओढून काढलं, तशी पंख्याची घरघर हळूहळू खाली आली.

ते कव्हर आईनं चातुर्मास सुरू होताना शिवलं होतं. जुन्या मलमलीचं, दुहेरी. ओरखडे पडू नयेत म्हणून शिवलं असेल असं समजून मी कौतुकही केलं होतं. रोज संध्याकाळी ती ते धुवायची आणि सकाळी परत चढवायची. पुण्याला मी स्टँड नेला नव्हता.

आयटीवाल्याला थांबायला सांगून मी आईला हाक मारली. ती काठी टेकत आली.

"आई, हे कशाला घातलंस?"

"त्यो पंखा हवा वढतोय न्हवं? चिलटं आत जात्यात. पावसाळ्याचं किती असत्यात. जीव जातोय त्यांचा."

ती आयुष्यभर पाणी दुहेरी फडक्यातून गाळत आली आहे. हवाही गाळायला लागली होती. मला सगळं कळलं, आणि कळूनही माझा तोल गेला. मी ओरडले. तुझ्या चिलटांपायी माझी नोकरी चाललीये, आता मी जाते पुण्याला, तू राहा इथं चिलटांबरोबर एकटी. तिनं माझ्या हातातलं कापड घेतलं, नीट घडी केली आणि आत गेली.

बैठकीत मी कुणाच्याही चेहऱ्याकडं बघत नव्हते, कान पंख्याकडं होते. फाउंड्रीच्या माणसानं सगळा भाग मधोमध कापून दाखवा म्हटलं. लॅपटॉपला सगळ्यात जड जाणारं काम तेच. स्क्रीन क्षणभर थबकली, मग ड्रॉइंग कापून समोर आलं. बैठक पार पडली. साहेब म्हणाले, राहा तिकडंच.

दिवस मावळायच्या आत आई जेवते. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती ताट घेऊन बसली होती. परवानगी टिकली असं सांगितलं, तिनं मान हलवली. ताटात भात आणि नुसती शिजवलेली मूगडाळ होती. रागावलीस का, मी विचारलं.

"राग कशाला? मीठ सोडलंय म्या, चातुर्मास संपस्तोवर. त्या जिवांसाठी."

एवढं लागत असेल तर खरंच जाते मी पुण्याला, म्हणाले. या वेळी आवाज चढला नव्हता.

"तिथं काय पंखा फिरायचा न्हाय? फिरंलच की. मग हितं फिरू दे."

मला रडू फुटलं. तिनं माझं ताट पुढं सरकवलं. माझ्यासाठी आमटी वेगळी केली होती. मीठ अगदी बरोबर पडलं होतं, आणि ते तिनं चव न बघता घातलं होतं.