हातभारने वाचवलेलं पिल्लू

पंपाचं बिडाचं कवच दीडशे किलोंचं असतं. ते चौघांनी उचलायचं ठरलं की कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये पाचवा माणूस आपोआप हजर व्हायचा. तो कवचावर तळहात ठेवायचा आणि आमच्याबरोबर चालायचा. "सावकाश, सावकाश, माझ्याकडे घ्या," हे सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणायचा. ओझं खाली ठेवलं की कपाळ पुसायलाही तोच पहिला. वजन उचलणाऱ्या माणसाच्या मानेची शीर फुगते. याची मान तीस वर्षांत एकदाही फुगलेली मी पाहिली नाही. "मी हातभार लावतो ना," हे त्याचं पालुपद होतं, म्हणून त्याचं नाव हातभार पडलं. त्याला ते आवडायचं. लोक कौतुकाने म्हणतात असा त्याचा समज होता.

तो आणि मी एकाच वर्षी कामाला लागलो, दोघेही हेल्पर म्हणून. मी फिटर झालो, तो हेल्परच राहिला, आणि वरची माणसं आपल्यावर डूख धरून आहेत असं सांगत राहिला. आमच्यासमोर चार फोरमन आले आणि गेले. प्रत्येकाला पहिले सहा महिने वाटायचं की शॉपमध्ये राबणारा माणूस हा एकच. कारण फोरमन केबिनबाहेर आला की हा कुठल्या ना कुठल्या ओझ्याजवळ उभा असायचा. तेही कसबच म्हणायचं. त्यातलं निम्मं लक्ष पान्याकडे दिलं असतं तर तोही फिटर झाला असता.

कंपनीच्या क्वार्टर्समध्ये त्याच्या आणि माझ्या खोलीला एकच भिंत होती. त्याची बायको घरी शर्टांच्या कॉलरी शिवायची. सगळी चाळ तिला वहिनी म्हणायची, मीही. सकाळी कपड्यांच्या कारखान्याचा माणूस गठ्ठा टाकून जायचा, संध्याकाळी शिवलेला माल घेऊन जायचा. खिडकीशी मशीन, डावीकडे न शिवलेल्या कॉलरींचा ढीग, उजवीकडे शिवलेल्यांचा. उजवा ढीग वाढत जायचा आणि हातभार दारातल्या पायरीवर बसून ये-जा करणाऱ्यांना सांगायचा की संसार ओढणं सोपं नसतं.

हे सगळं सांगायचं कारण ते पिल्लू.

एका सोमवारी हातभार चहाला गेला. त्याचा चहा अर्ध्या तासाचा असे. कॉम्प्रेसरच्या शेडमागे झुडपांचं कुंपण आहे, तिथे सिमेंटवर त्याला बुलबुलाचं पिल्लू दिसलं. पंख आलेले, शेपूट आखूड, डोक्यावर अजून लव, चोचीच्या कोपऱ्यांना पिवळी किनार. त्याने ते उचललं आणि सरळ शॉपच्या मधोमध येऊन उभा राहिला. मांजराच्या तोंडातून काढलं म्हणाला. दुपारपर्यंत एका मांजराची दोन झाली. कॉम्प्रेसरच्या शेडमागे मी तीस वर्षांत मांजर पाहिलेलं नाही.

माणसं यंत्रं सोडून जमली. मॅनेजरसाहेब खाली आले. त्यांना पक्ष्यांचं वेड होतं, म्हणजे त्यांच्या टेबलावर पक्ष्यांचं कॅलेंडर होतं. त्यांनी फोटो काढला आणि तिथेच जाहीर केलं की शुक्रवारी सुरक्षा सप्ताहाचा समारोप आहे, तेव्हा हे पिल्लू ह्याच्याच हस्ते आकाशात सोडू. जीव वाचवणं हीच खरी सुरक्षा, असंही म्हणाले. हातभारची छाती तेवढ्यात दोन इंच पुढे आली. एवढी मेहनत तिने एरवी केली नव्हती.

बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यात घालून त्याने पिल्लू घरी नेलं. चार शेजारी बोलावले आणि ड्रॉपरने त्याच्या तोंडात दूध सोडलं. पक्षी दूध पितो का, हा प्रश्न त्याला पडला नाही. दूध नाकपुड्यांतून बाहेर आलं, पिल्लू मान टाकायला लागलं. तेव्हा वहिनी मशीनवरून उठली, त्याच्या हातातून पिल्लू काढून घेतलं, डोकं खाली करून धरलं आणि कॉलरीच्या कापडाच्या चिंधीने चोच टिपत बसली. पिल्लू पुन्हा श्वास घ्यायला लागलं. तिथून पुढे सगळं तिच्याकडे आलं. न सांगता, न विचारता.

तिने उकडलेल्या अंड्याचा बलक पपईत कुस्करला. चाळीमागच्या गवतातून बारके नाकतोडे पकडून आणले, त्यांचे पाय तोडले. मशीनमध्ये दोरा ओवायचा तिचा एक निमुळता चिमटा होता, त्याने ती भरवायची. खोक्यावर चिमटा दोनदा टकटक वाजवायचा, पिल्लाने चोच वासली की घास खोल घशात ठेवायचा. उजाडल्यापासून मावळेपर्यंत, दर वीस मिनिटांनी. तिने घड्याळ लावलं नाही. आठ कॉलरी झाल्या की एक घास, असा हिशोब धरला. पहिल्या पाळीहून मी साडेतीनला घरी यायचो. भिंतीपलीकडे मशीन चालायचं, थांबायचं, टकटक व्हायची, पुन्हा चालायचं.

हातभारही साडेतीनलाच यायचा आणि पायरीवर बसायचा. कुणी पिल्लाची चौकशी केली की आत हाक मारायचा, "आण गं जरा." ती शिवण अर्धी टाकून खोका आणायची. पिल्लाला वाटायचं घास आला. ते चोच वासायचं. बघणारे हसायचे आणि जायचे. कारखान्यात हा सांगायचा की डोळ्याला डोळा नाही, दर वीस मिनिटांनी भरवतोय. मी विचारलं, काय भरवतोस? "जे लागतं ते," म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मंगळवारी मला कॉम्प्रेसरच्या हवेच्या लाइनवर काम निघालं. वरच्या पाइपवर दोन बुलबुल बसले होते. दोघांच्या चोचीत हिरवे किडे. ते ओरडत झुडपात उतरायचे, पाइपवर यायचे, पुन्हा सिमेंटवर जिथून पिल्लू उचललं त्या जागी जायचे. चाळीस मिनिटं मी व्हॉल्व्ह आवळत होतो. तेवढ्या वेळात दोघांपैकी एकानेही चोचीतला किडा गिळला नाही.

माळीबुवा पलीकडे पाणी घालत होते. ते म्हणाले, दरवर्षी असंच असतं. पिल्लं उडण्याआधीच घरट्यातून खाली उतरतात, दोन-तीन दिवस जमिनीवर हिंडतात, आई-बाप तिथे येऊन भरवतात. "ते पडलं नव्हतं," म्हणाले. "त्याला वाचवायला कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं, हे दोघं असे किती दिवस येतील? बुवा म्हणाले, "उद्यापर्यंत. फार तर परवा. मग सोडून देतात." आणि चिमट्याने वाढलेलं पिल्लू स्वतः किडा शोधायला कधी शिकणार नव्हतं. शुक्रवारी आकाशात सोडलं असतं तर ते टाळ्यांच्या मधोमध जमिनीवर आपटलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत मी हातभारला गाठलं.

"त्याचे आई-बाप चारा घेऊन हिंडतायत. आजच नेऊन ठेव."

"शुक्रवारी सोडायचंच आहे की."

"शुक्रवारी ते नसतील. आणि त्याला उडता येत नाही अजून."

"साहेबांनी माइक सांगितलाय," तो म्हणाला. "तुझं ना, प्रत्येक गोष्टीत नटबोल्ट. चार लोक मला चांगलं म्हणतात ते तुला बघवत नाही."

मग संध्याकाळी मी चाळीच्या नळावर वहिनीला सांगितलं. तिने बादली खाली ठेवली आणि दोनच गोष्टी विचारल्या. ते दोघं अजून येतायत का, आणि तिथे मांजर आहे का. मी म्हटलं, येतायत, आणि मांजर तुमच्या घरीच जन्मलं. ती हसली नाही.

"उद्या डब्याच्या वेळी गेटवर या, भाऊजी."

मी विचारलं, त्याला सांगणार का?

"ह्यांना सांगितलं तर हेही ठेवायला येतील," ती म्हणाली. "दहा जणांना घेऊन."

बुधवारी ती गेटवर आली. एका हातात हातभारचा डबा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. वॉचमन पिशव्या उघडून बघत नसे. मी डबा हातभारच्या टेबलावर ठेवला आणि पिशवी घेऊन शेडमागे गेलो. हातभार त्या वेळी चाळीस पावलांवर पॅकिंगच्या लोकांना पिल्लाचा स्वभाव समजावून सांगत होता.

झुडपात गुडघ्याएवढ्या उंचीवर एक आडवी फांदी होती, तिच्यावर पिल्लू बसवलं आणि मी ऑइलच्या पिंपामागे सरलो. थोड्या वेळाने एक बुलबुल अळी घेऊन आला, पिल्लापासून दोन हातांवर बसला आणि हाक मारायला लागला. पिल्लू चोच मिटून गप्प. दुसरा आला. तरी गप्प. दोन दिवसांत त्याची सवय बदलली होती. आईबापाची हाक ते विसरलं होतं, टकटक लक्षात होती. दहा मिनिटं अशी गेली. दोघंही उडून जाळीपलीकडे गेले. तेव्हा मात्र मला वाटलं, संपलं.

ते पुन्हा आले तेव्हा मी खिशातला पाना काढला आणि पाइपवर हलकेच दोनदा वाजवला. बुलबुल दचकून वीतभर उडाला. पिल्लाने चोच वासली. वासलेली चोच दिसताच तो परत फिरला आणि अळी आत कोंबून मोकळा झाला. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. माझा डबा उघडायचाच राहिला.

तीन वाजता सुटलो तर वहिनी शेडमागच्या जाळीबाहेर उभीच. साडेबारापासून ती तिथेच होती.

"अकरा वेळा," ती म्हणाली. "शेवटच्या आठ वेळा त्याने हाकेवर तोंड उघडलं. मी एवढ्यात सात-आठदाच भरवलं असतं."

त्या दिवशीचा गठ्ठा अर्धाही झाला नाही. माल न्यायला आलेला माणूस दारात तणतणला. तिने ऐकून घेतलं आणि उरलेल्या कॉलरी शिवायला बसली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. भिंतीतून मला त्याचा आवाज आला. पिल्लू कसं आहे हे त्याने विचारलं नाही. "मग शुक्रवारी मी साहेबांना काय दाखवू?" हे तीनदा विचारलं. मशीन एकदाही थांबलं नाही.

खरं सांगून मोकळं होणं सोपं होतं. पिल्लाला आई-बाप मिळाले, एवढं बोलला असता तरी टाळ्या पडल्या असत्या. पण त्यात त्याचा हात दिसला नसता. शुक्रवारी दुपारी तो रिकामा खोका घेऊन मंचावर चढला. खोक्याला लाल फीत बांधली होती. ती त्याने सावकाश सोडली, झाकण उघडलं, दोन्ही हात वर उडवले आणि मान मागे टाकून आकाशाकडे बघत राहिला. खाली दोनशे माणसांनी माना वर केल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी डोळ्यांवर हात धरला आणि माइकवर म्हणाले, "गेलं, त्या झाडाकडे गेलं." माझ्या शेजारी आमचा टर्नर उभा होता. मायक्रोमीटरवर केसाचा दहावा हिस्सा पकडणारा माणूस. तोही मला म्हणाला की पाहिलं, तपकिरी होतं. हातभारला चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. ते त्याने मशीनच्या वरच्या भिंतीवर लावलं, म्हणजे ती मान वर करील तेव्हा तिला दिसावं. त्यासाठी खिळा ठोकायला मात्र मला बोलावलं.

कार्यक्रम संपल्यावर मी शेडमागे गेलो. वहिनी जाळीबाहेर होती. पिल्लू झुडपातून वरच्या पाइपवर पोचलं होतं, चांगलं तीन हात. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा गेलं, तिने सांगितलं. टाळ्या ऐकल्या का, असं मी तिला विचारलं.

"ऐकल्या," ती म्हणाली. "दोघंही बिथरून पळाले. त्याची घासाची एक खेप चुकली."

घरी कालचा आणि आजचा गठ्ठा पडून होता. तरी पुढची खेप येईपर्यंत ती तिथून हलली नाही.