सांगितल्याशिवाय न उघडणारं मशीन

नांदूरघाटच्या फ्लेक्सवाल्याच्या लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला तरी आपोआप काहीच उघडत नाही. ती सोय त्याने मुद्दाम बंद करून ठेवली आहे. स्क्रीनची पाठ गिऱ्हाइकाकडे असते. आधी तो एकटा बघतो, मग दाखवतो. नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात स्वतःचाही चेहरा हवा असलेल्या कार्यकर्त्यांना एवढा धीर नसतो.

"डबडं हाय बे तुजं मशीन."

फ्लेक्सवाला मान वर करत नाही. "मशीनला नावं ठेवायची न्हाईत. म्या सांगितल्याबिगर ते उघडत न्हाई."

परवा एक म्हातारे गृहस्थ श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी आले. त्यांचा मुलगा उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडून गेला होता. पुतण्याने मोबाइलमधलं सगळं पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं होतं. मी फ्लेक्सवाल्याच्या शेजारीच बसलो होतो. पहिला फोटो लग्नातला, फेटा बांधलेला. पुढचे सगळे अपघाताच्या जागेवरचे.

त्याने फेट्यातला तेवढा उघडा ठेवला आणि स्क्रीन फिरवली.

म्हातारे बराच वेळ बघत राहिले. "बाकीचे दाव की. लई हायती म्हनला पुतन्या."

"उघडंनात, मामा," तो म्हणाला. "मशीन डबडं हाय."