दोन फाटकांमधला रस्ता

सकाळचा चहा झाला की द्वारकाकाकू फाटकाशी येत, पदर कमरेला खोचत आणि अख्ख्या बडनेरा रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारत, "अवं गोदे! काय करून राहिली वं?" पलीकडच्या फाटकातून उत्तर येई, "भाजी निवडून राहिली! तू काय रांधलं?" मधून एसटी धडधडत जाई आणि ती गेली की तुटलेलं वाक्य दोघी तिथूनच पुढे नेत. पुण्याहून आलेल्या माझ्या मावसबहिणीला वाटलं, भांडण पेटलंय. ती खिडकी लावायला उठली होती.

द्वारकाकाकू आमच्या शेजारीण. गोदाकाकू त्यांची धाकटी बहीण. मूर्तिजापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या या दोन मुली. आई लहानपणीच गेलेली. धाकटीचं स्थळ बघताना वडिलांनी अमरावतीतलं हे समोरासमोरचं घर मुद्दाम निवडलं. "बाबा म्हने, एकीले ठेच लागली त दुसरीले दिसली पाह्यजे," काकू सांगत.

तेव्हा रस्ता होताही तेवढाच. समोरून ट्रक आला की सायकलवाल्याला मुरमात उतरावं लागे. दोन्ही कडांना कडुनिंब होते. बडनेऱ्याला मेल गाठायला निघालेले टांगे त्या सावलीतून जात. दिवाळीनंतर सरकी काढायच्या जिनाकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली की फांद्यांना कापसाचे पुंजके अडकून राहत. आम्ही पोरं ते काढायचो. गाड्या थांबल्या की काकू पातोडीच्या रश्श्याचं पातेलं घेऊन बैलांच्या मधून सरळ पलीकडे जात आणि गाडीवानांना दटावत, "सरक रे बाप्पा, रस्सा थंडा होते!"

मग रस्ता वाढू लागला. आधी निंब गेले, मग दोन्ही घरांचे ओटे. चार पदरी झाल्यावर हाक पोचेना. काकूंच्या मुलाने फोन घेऊन दिला, तर काकू फाटकाशी उभ्या राहूनच फोन करत. "बोलताना तोंड दिसलं पाह्यजे. नाहीतं मले कसं समजन, ही खरं बोलून राहिली का खोटं?" पलीकडे गोदाकाकूही फोन कानाला लावून उभ्या असत. दोघींचे हात बोलताना हलत.

शेवटी मधोमध दुभाजक आला, त्यावर छातीएवढी लोखंडी जाळी. खांब रोवायला आलेल्या साहेबाजवळ काकू गेल्या.

"कावून लावता हे?"

"आजी, लोक मधूनच पळतात. अपघात होतात. तुमच्यासाठीच आहे."

"माह्यासाठी असन त दोन हाताची जागा सोड ना बाप्पा. समोर बहीण हाय माही."

"चौकातून वळून जायचं, आजी."

"बहिणीकडे जाले गावाले वळसा घालू?"

तो पोरगा वाईट नव्हता. मान खाली घालून म्हणाला, "माझ्या हातात नाही." काकू सणावारी ऑटोने जाऊ लागल्या. एरवी गुडघ्यांनी तेवढं चालवेना. पण फाटकाशी उभं राहणं सुटलं नाही.

ते घडलं त्या सकाळी मी शाळेत शिकवायला जाण्यासाठी स्कूटर बाहेर काढत होते. गोदाकाकू पलीकडे नळीने तुळशीला पाणी घालत होत्या. द्वारकाकाकू ओरडल्या, "गोदा पडली!" आणि मी वळेपर्यंत गाड्यांमधून धावत त्यांनी दुभाजक गाठलाही होता. मी मागोमाग पोचले. त्या दोन्ही हातांनी जाळी गदागदा हलवत होत्या. समोर, पंधरा-वीस पावलांवर, गोदाकाकू कुशीवर पडल्या होत्या. नळीचं पाणी त्यांच्या लुगड्याखालून वाहत होतं. "उचला रे तिले! कोनी तरी उचला!" काकू ओरडत होत्या, आणि मधून गाड्या जात होत्या.

मी त्यांना कशीबशी स्कूटरवर बसवलं. चौकातून वळून आम्ही पोचलो तेव्हा अंगणात नुसतं पाणी होतं. शेजाऱ्यांनी गोदाकाकूंना दवाखान्यात नेलं होतं. आम्ही तिथे गेलो तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडल्याबरोबरच गेल्या असतील, कुणीही काही करू शकलं नसतं. काकूंनी ते ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "डाक्टर काही म्हनो. ती माह्याकडे पाहून राहिली होती."

मीही ते डोळे पाहिले होते.

संध्याकाळी काकू पलीकडे गेल्या नाहीत. आपल्याच फाटकाशी उभ्या राहिल्या. आम्हाला कळेना. मग लक्षात आलं, स्मशानाकडे जायचं तर स्वर्गरथालाही चौकातून वळून आमच्याच बाजूने यावं लागणार होतं. गाडी आली तशी काकू रस्त्यात उतरल्या आणि हात आडवा केला. त्यांच्या हातात कोरी हिरवी साडी, खण, नारळ आणि गहू होते. गोदाकाकू सवाष्ण गेल्या होत्या.

गाडीतली गोदाकाकूंची एक म्हातारी जाऊ कुजबुजली, "द्वारके, तू नोको वं. तुह्यं कुंकू नाही."

"मंग कोन भरन तिची ओटी? माहेरची मीच एक उरली."

गोदाकाकूंच्या यजमानांनी स्वतः मागचं दार उघडून धरलं. काकूंनी बहिणीच्या कपाळाला कुंकू लावलं, साडी अंगावर पसरली, ओटीत गहू घातले. नारळ ठेवला. मागे गाड्या तुंबल्या, हॉर्न सुरू झाले. काकूंनी घाई केली नाही. गोदाकाकूंच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. इतक्या वर्षांत त्यांना बहिणीशी इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं.

द्वारकाकाकू जाऊनही आता दोन वर्षं झाली. दोन्ही घरांच्या जागी काचेच्या भिंतींची दुकानं आहेत. एकीकडे फरश्या, दुसरीकडे मोटारसायकली. वर शिकवणीवर्गांच्या पाट्या. या रस्त्यावर आता राहणारं असं फारसं कुणी उरलेलं नाही, सगळे कुठेतरी निघालेले असतात. आम्हीही घर विकायचं म्हणतोय.

त्या संध्याकाळी गोदाकाकूंना घेऊन गाडी गेल्यावर मी काकूंना हाताला धरून आत आणत होते. फाटकाशी थांबून त्यांनी एकदा पलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सांग त्या सायबाईले, आता केवढाबी मोठा करा म्हना रस्ता."