दोन ठोके, मग एक

आमच्याकडे मोठा पाऊस होऊन गेला की दोन गोष्टी मागे उरतात. कॉटखालचा गाळ आणि एखादा किस्सा. गाळ दोन दिवसांत निघतो. किस्से मात्र साचत जातात!

सोनईच्या बाहेर, ओढ्याच्या कडेला आमची तीनच घरं. एक आमचं, एक पोपटभाऊंचं आणि अगदी खालच्या अंगाला नाना-काकूंचं. उन्हाळ्यात इथे टँकरची वाट बघतात. त्यामुळे "आमच्या दारात पूर येतो" असं कॉलेजात सांगितलं, की मैत्रिणी हसायच्या. मी नाही हसायचे. मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते.

*

ताटाचा नियम नानांचा. पाऊस आला की लाईट जाते, मागोमाग मोबाईलची रेंज. म्हणून पाणी दुसऱ्या पायरीला लागलं की ताट वाजवायचं, आणि बाकीच्या दोन्ही घरांनी ताटानंच उत्तर द्यायचं. उत्तर आलं म्हणजे माणसं ठीक.

आमची ताटं स्टीलची. नानांचं त्यांच्या आईचं, जाड पितळेचं. त्याचा आवाज पोटात घुमायचा. ते दोन ठोके द्यायचे, थांबायचे, मग एक.

"दोन म्हंजी पानी आलं. आन् एक म्हंजी भिऊ नका," नाना सांगायचे.

पोपटभाऊंनी विचारलं, "आन् भ्यालो तर?"

"तर पळा!"

*

एकदा भर दुपारी अंधारून आलं होतं. पाणी पहिल्याच पायरीवर होतं. मी तिथे पाय सोडून बसले होते आणि पाण्याखालून कोणीतरी माझा घोटा धरला. गार, बारीक, लांब बोटं!

मी किंचाळत आत धावले आणि ताट बडव-बडव बडवलं. नाना काठी घेऊन आले, पोपटभाऊ दोरखंड घेऊन. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाण्यात हात घालून ती बोटं वर काढली.

शेवग्याच्या शेंगा!

"आमच्याच झाडाच्या हायेत," पोपटभाऊ म्हणाले. "पोरी, वरडायचं तेवढं वरड, शेंगा तेवढ्या दे इकडं."

त्या दिवसापासून आमच्या घरात ठरलं, की माझ्या हातात ताट द्यायचं नाही.

*

बेडकांचं मात्र मला कधीच हसू आलं नाही. पावसात ओढ्याकडे त्यांचा नुसता कालवा असतो. एका दुपारी आई भाकरी थापत होती आणि सगळे बेडूक एकदम थांबले. बटण बंद केल्यासारखे. आईचा हात परातीवर तसाच राहिला.

"आलं," ती म्हणाली.

"काय?"

ती उत्तर न देता धान्याची पोती कॉटवर चढवायला लागली. दहा मिनिटांत पाणी उंबऱ्याशी! तेव्हापासून मला बेडकांच्या ओरडण्याची भीती वाटत नाही.

*

नाना उन्हाळ्यात गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुढच्या पावसात ओसरीतल्या खिळ्यावरचं त्यांचं पितळी ताट पाण्यानं नेलं. आम्ही चार दिवस गाळ उपसला. एक चप्पल, दोन बाटल्या आणि कोणाचा तरी स्टंप सापडला. ताट नाही.

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "त्यांचं त्यांनी न्हेलं."

मग त्या स्टीलचं ताट वाजवायला लागल्या. पोपटभाऊ चिडवायचे, "काकू, स्टीलला दम न्हाई बरं का!"

"दम वाजवनाऱ्यात असतो," काकू म्हणायच्या. पण रिकाम्या खिळ्याकडे बघून.

*

मागच्या भाद्रपदातली गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. बेडूक थांबले.

आईनं ताट वाजवलं. पोपटभाऊंचं उत्तर आलं. काकूंचं नाही. पुन्हा वाजवलं. नाही.

अण्णा, पोपटभाऊ आणि मी मांडीभर पाण्यातून खाली गेलो. काकूंचं दार सताड उघडं होतं. मोबाईल कॉटवर, चष्मा कॉटवर, स्टीलचं ताट मांडणीत. काकू नाहीत.

"रस्त्याकडं गेल्या असतील," पोपटभाऊ म्हणाले. दोघं तिकडे वळलेसुद्धा.

तेव्हा मला ऐकू आलं. मागून, ओढ्याच्या बाजूनं. दोन ठोके. मग एक.

"अण्णा, तिकडं ताट वाजतंय."

"पत्रा वाजत आसंल," पोपटभाऊ म्हणाले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत शेंगा होत्या.

मी त्यांचा हात धरला. "अण्णा, शेंगा नाहीत ह्या. ऐका ना!"

आम्ही तिघं थांबलो. पाऊस पडतच होता. आणि पुन्हा आलं. पोटात घुमणारं. दोन. मग एक.

पोपटभाऊंच्या हातातला दोर ओढून घेऊन अण्णा मागे धावले.

घरामागच्या कडुलिंबाला काकू मिठी मारून उभ्या होत्या. पाणी छातीला लागलं होतं. शेळी सोडायला गेल्या आणि पाय घसरला. शेळी बांधावर उभी राहून बघत होती. अण्णांनी स्वतःच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक आम्ही धरलं आणि त्यांनी काकूंना ओढून आणलं. आम्ही जरा लांब आलो असू, तर मागे तो कडुलिंब कलला आणि ओढ्यात गेला.

आमच्या घरी आईनं काकूंना कोरडं लुगडं नेसवलं, चहा दिला. त्यांना हातात कप धरवत नव्हता. तळवे झाडाच्या सालीनं सोलून निघाले होते.

"काकू, ताट वाजवलंत म्हनून वाचलात बघा!" पोपटभाऊ म्हणाले.

काकूंनी ते दोन्ही तळवे आमच्यापुढे धरले.

"कशानं वाजवू बाबा? दोनी हातानी लिंब धरला हुता."

काकूंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"म्हंजी... तुमाला बी ऐकू आलं?"